सनद : टेकू कुणाचा, कुणाला?

काही शब्द वर्षानुवर्षं घरातच वावरत असतात, पण "बाबा रे, तू मूळचा कुठला?" असं आपण त्यांना कधी विचारत नाही. 'सनद' हा त्यातलाच एक.

वकिलीची परीक्षा पास झालेल्या पोराला सनद मिळते. कलेक्टर हा सनदी अधिकारी. सीएला शुद्ध मराठीत सनदी लेखापाल म्हणतात (एकही सीए स्वतःला तसं म्हणवून घेत नाही, ही गोष्ट वेगळी). मोर्चा निघाला की पुढारी सांगतात, "आम्ही सनदशीर मार्गाने लढू." शेतजमीन बिगरशेती करून घेतली की सनद. आणि तहसील कार्यालयात गेलात तर भिंतीवर मोठा फलक, 'नागरिकांची सनद'. त्याच्याखालीच आपण दोन-दोन तास उभे असतो, पण तो वाचत मात्र नाही.

इतक्या ठिकाणी वापरला जाणारा हा शब्द मूळचा राजेरजवाड्यांचा. एखाद्याला जमीन, हक्क, हुद्दा किंवा सत्ता बहाल करायची तर तिचं लेखी, शिक्क्यानिशी पत्र म्हणजे सनद. आमच्या मराठवाड्यात हा शब्द सप्टेंबर २०२३ मध्ये अचानक घराघरात पोचला. कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. ७ सप्टेंबरच्या शासन निर्णयात तपासायच्या पुराव्यांची यादी होती. त्यात निजामकाळातले महसुली आणि शैक्षणिक पुरावे, करार आणि संस्थानिकांनी दिलेल्या सनदी असा उल्लेख होता. झालं! ज्यांनी आयुष्यात जुना कागद हातात धरला नव्हता तेही माळ्यावरच्या ट्रंका उतरवायला लागले. आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचं नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला कुतूहल वाटलं ते शब्दाचं. आपण नक्की काय शोधतो आहोत? सनद म्हणजे काय, आणि तिच्यात खरंच काय ताकद असते?

आधी शब्दाच्या मुळाकडे जाऊ. सनद अरबी आहे, फारसीमार्गे आपल्याकडे आला. अरबीत त्याच्या धातूचा अर्थ 'टेकणे, रेलणे'. म्हणजे सनद ही ज्याच्यावर आपण टेकतो ती गोष्ट. आधार. आपल्या भाषेत टेकू! इस्लामी परंपरेत प्रेषितांचं एखादं वचन कुणाकडून कुणाकडे आलं त्या माणसांच्या साखळीलाही सनदच म्हणतात, कारण त्या वचनाचा खरेपणा त्या साखळीवर टेकलेला असतो. उर्दूत अस्सल, खात्रीच्या गोष्टीला 'मुस्तनद' म्हणतात, तोही याच घरातला.

आणि गंमत म्हणजे 'मसनद' हा सनदेचा सख्खा भाऊ. मसनद म्हणजे रेलून बसायचा तक्क्या, लोड, आणि त्यावरून राजाची गादी. राजा मसनदीला टेकून बसतो आणि रयत त्याने दिलेल्या सनदेला टेकून जगते. दोघांनाही टेकू लागतोच.

गादीवरून आमच्या नांदेडची आठवण येणं साहजिक आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजी नांदेडला आले आणि तिथेच त्यांचं निर्वाण झालं. त्याआधी त्यांनी गुरुपदाची गादी कुणा माणसाला न देता ग्रंथसाहिबाला दिली, अशी शीख परंपरा आहे. २००८ मध्ये त्याला तीनशे वर्षं झाली तेव्हा नांदेडात 'गुरु-ता-गद्दी'चा मोठा सोहळा झाला. गुरुद्वाऱ्याचं पूर्ण नाव तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब. त्यातही 'तख्त' आहेच. ही गादी ना दिल्लीच्या बादशहाने दिली, ना तिच्यासाठी कुणाचा शिक्का लागला. मानणाऱ्यांनी मानली म्हणून ती आजही आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सनदेत लिहिलेलं काय असायचं ते पाहू. मोगलाई दफ्तरात कागदांचीही उतरंड होती. खुद्द बादशहाचं ते फर्मान, शहजाद्याचं ते निशान, अधिकाऱ्याचा परवाना, आणि नेमणूक किंवा जमीन-महसुलाचा हक्क देणारी ती सनद. मराठी दफ्तरात याला इनामपत्र, वतनपत्र, कौलनामा, अभयपत्र असे सोबती होते. मजकुराचा साचा बराचसा ठरलेला. अमुक मौजे, अमुक जमीन, अमक्यास इनाम दिली असे. 'कुलबाब कुलकानू', म्हणजे सगळ्या बाबी आणि सगळी कानू (कर) यांसकट. 'हालीपट्टी व पेस्तरपट्टी', म्हणजे आज आहेत त्या पट्ट्या आणि उद्या बसतील त्याही. मग जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, आणि जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर तेही! आणि हे सगळं लेकुराचे लेकुरी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या.

मला सगळ्यात आवडतात ती शेवटची दोन कलमं. पहिलं असं की दर साली नव्या सनदेचा 'उजूर' करू नये. म्हणजे अधिकाऱ्याने दरवर्षी "यंदाचा नवा कागद आण" असं म्हणून अडवू नये. (तीनशे वर्षांपूर्वीही कार्यालयं अशीच होती म्हणायची!) दुसरं असं की या सनदेची तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घ्यावी आणि असल सनद भोगवटियास परत द्यावी. त्या काळात झेरॉक्स नाही. मूळ कागद एकदा कचेरीत गेला की गेला. म्हणून राजालाच लिहावं लागायचं की बाबांनो, कागद परत करा.

भोगवटा हा शब्दही नीट बघा. भोगवटा म्हणजे प्रत्यक्ष ताबा, वहिवाट. हाच शब्द आज सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग १', 'भोगवटादार वर्ग २' म्हणून बसलेला आहे. सनद म्हणजे वरून आलेला कागद आणि भोगवटा म्हणजे खाली जमिनीवर चाललेला व्यवहार, हे दोघं एकमेकांना धरून असत. सनद आहे पण भोगवटा नाही, तर कागद नुसता पेटीत. भोगवटा आहे पण सनद नाही, तर दर नव्या अंमलदाराची धास्ती.

आणखी एक गोष्ट. आपल्याला वाटतं की सनद घेणाऱ्याच्या नावाने पत्र लिहिलं की काम झालं. पण तेवढ्याने भागत नसे. एका इनामाची अनेक पत्रं निघत. एक इनामदाराला, एक गावच्या मोकदमाला, एक परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना, एक आजच्या आणि पुढे येणाऱ्या अधिकाऱ्यांना. राजाने दिलं हे पुरेसं नसून, मोकदमाने, देशपांड्याने, उद्याच्या मामलेदाराने ते मानलं पाहिजे. म्हणजे ज्यांनी मानायचं त्यांची यादी हाच सनदेचा खरा आधार. त्याहूनही जुन्या काळात दानलेख दगडावर आणि तांब्यावर कोरत. वर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेपर्यंत हे दान चालेल, आणि कधीकधी खाली मोडणाऱ्याला सज्जड शाप. गधेगाळीचे दगड महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडतात, त्यांवरच्या शापाचं चित्र इथे वर्णन करण्यासारखं नाही. शाप द्यावा लागतो याचाच अर्थ, मोडणारे होते.

तर सनद देणारा मोठा की मानणारा? इतिहासात याची उत्तरं फार मजेशीर मिळतात.

१६७४ सालचंच घ्या. शिवाजीमहाराजांकडे किल्ले होते, फौज होती, मुलूख होता. तरी आदिलशाही आणि मोगल दरबाराच्या लेखी ते एका जहागीरदाराचे पुत्र होते. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा बाकी अनेक गोष्टी झाल्याच, पण एक बारीक वाटणारी मोठी गोष्ट झाली. सनद घेणाऱ्यांच्या रांगेतून ते बाहेर पडले आणि सनद देणारे झाले. आता त्यांचं इनामपत्र हे कुणा बादशहाच्या जोरावरचं राहिलं नाही. स्वतःच्या शिक्क्यावरचं झालं.

पुढे पंचेचाळीस वर्षांनी चित्र पुन्हा फिरलं. १७१८-१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे सय्यद हुसेन अलीबरोबर मराठी फौज घेऊन दिल्लीला गेले. फर्रुखसियर बादशहाला सय्यद बंधूंनी गादीवरून ओढलं आणि रफी-उद्-दरजात नावाच्या तरुणाला बसवलं. हा बादशहा जेमतेम तीन-चार महिने टिकला. त्याच्या नावाने मार्च १७१९ मध्ये मराठ्यांना सनदा मिळाल्या. स्वराज्याची, दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची आणि सरदेशमुखीची. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. त्या बदल्यात पंधरा हजार फौज बादशहाच्या चाकरीला आणि सालाना दहा लाख रुपये पेशकश. त्याच वेळी शाहूमहाराजांच्या मातोश्री येसूबाई कैदेतून सुटून आल्या.

आता सांगा, इथे टेकू कोण कुणाला देत होतं? ज्याला स्वतःच्या महालाची खात्री नाही असा बादशहा, दारात पंधरा हजार घोडा घेऊन उभ्या असलेल्यांना हक्क 'बहाल' करत होता! तरीही बाळाजीपंतांना तो कागद हवा होता. कारण ताकदीने मिळवलेला पैसा ही लूट ठरते आणि सनदेने मिळालेला महसूल. गावच्या पाटलाला सांगायला काहीतरी लागतं ना!

आमचा नांदेडचा भाग तेव्हा बीदर सुभ्यात. म्हणजे सहा सुभ्यांपैकी एक. इकडे निजाम-उल-मुल्काची कथाही तशीच. १७२४ मध्ये बादशहाने आतून मुबारिजखानाला त्याच्याविरुद्ध उभं केलं. बुलढाण्याकडच्या साखरखेर्ड्याला लढाई झाली, मुबारिजखान पडला. मग त्याच बादशहाने निजामाला दख्खनची सुभेदारी कायम करून 'आसफजाह' असा किताब पाठवला. आसफजाही राज्याचा पाया तो हाच. निजामानेही दिल्लीचं नाव सोडलं नाही. हैदराबादची नाणी १८५७ च्या उठावापर्यंत मोगल बादशहाच्याच नावाने पडत राहिली. दिल्लीत काही उरलं नव्हतं, पण टेकू तिथलाच.

आणि हाच निजाम मराठ्यांच्या सनदेवर काय म्हणाला? चौथाई द्यायला माझी ना नाही, पण ती नेमकी कुणाला देऊ? साताऱ्याच्या शाहूंना की कोल्हापूरच्या संभाजीराजांना? खरा वारस कोण ते आधी ठरवा. कागदाला नाही म्हणायचं नाही, कागदावरच्या नावावर बोट ठेवायचं. उत्तर कागदाने मिळालं नाही. २८ फेब्रुवारी १७२८ ला पालखेडला बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडलं आणि मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने शाहूंचा हक्क मान्य केला. मधल्या मधे आमच्यासारख्या गावांना दोन्हीकडचे वसुलीदार. या दुहेरी अंमलाला 'दुअमली' म्हणत. दोन सनदा, एकच शेत.

इंग्रजांनी हे सगळं नीट पाहिलं होतं. १२ ऑगस्ट १७६५ ला शाहआलम बादशहाने कंपनीला बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी दिली. तीही हरलेल्याने जिंकलेल्याला दिलेली सनदच. (कंपनी स्वतः जन्मली तीही १६०० साली राणी एलिझाबेथच्या सनदेतून. म्हणून तर शाळेत आपण १८१३ चा, १८३३ चा 'सनदी कायदा' पाठ केला.) आणि एकदा सत्ता हातात आल्यावर त्यांनी तोच कागद उलटा वापरला. १८५२ मध्ये मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसवलं. ज्यांची इनामं पिढ्यान्‌पिढ्या चालत होती त्यांना विचारलं, "सनद दाखवा." वाळवीने खाल्लेली, घराला आग लागून गेलेली, भावकीच्या वाटणीत हरवलेली सनद कुठून दाखवणार? हजारो इनामं खालसा झाली. दोन-तीन पिढ्यांचा भोगवटा एका प्रश्नापुढे टिकला नाही. १८५७ नंतर मात्र शहाणपण आलं आणि १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा देण्यात आल्या.

निजामालाही एकदा असाच दणका बसला. मीर उस्मान अलीखानांनी वऱ्हाड परत मागताना जुने तह पुढे केले आणि आपण बरोबरीचे दोस्त आहोत असा सूर लावला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी मार्च १९२६ मध्ये जे उत्तर धाडलं त्याचा मथितार्थ असा, की ब्रिटिश सार्वभौमत्व तहांवर आणि कराराच्या कागदांवर अवलंबून नाही, ते त्यांच्याशिवायही आहेच. इनामदाराला "कागद दाखव" म्हणणारे सरकार निजामाला म्हणालं, "कागद दाखवू नकोस." सोयीप्रमाणे!

इथपर्यंत सगळ्या मोठ्यांच्या गोष्टी झाल्या. पण सनदेची एक गोष्ट अशांची आहे ज्यांच्याकडे कागद कधी नव्हता. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, अशी एक आख्यायिका महाराष्ट्रभर सांगितली जाते. अमृतनाक नावाच्या इमानी वीराने बादशहाच्या घरच्या स्त्रीला सुखरूप परत आणलं आणि बक्षीस म्हणून स्वतःसाठी काही न मागता जातीसाठी हक्क मागितले, अशी ती गोष्ट. तपशील गावोगाव बदलतात. बीदर आमच्यापासून फार लांब नाही. ज्यांना गावात उभं राहायला धड जागा नव्हती त्यांनी ही सनद तोंडोतोंडी जपली. तिच्यावर टेकून ते म्हणू शकत होते की आमचं बलुतं ही भीक नाही, हक्क आहे.

पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या टेकूची दुसरी बाजू दाखवली. वतन म्हणजे मूठभर जमीन आणि त्या बदल्यात दिवसरात्र सरकारची आणि गावाची चाकरी, तीही घरातल्या साऱ्यांनी. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात बदल करणारं बिल आणलं. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं, ही वतनं आधार नसून बेडी आहेत. पुढे मुंबई राज्याने १९५८ च्या कायद्याने गावकीची ही कनिष्ठ वतनं रद्द केली. सनदेबद्दल हळवं होताना हे विसरून चालत नाही. प्रत्येक सनदेत कुणाला तरी काही मिळत होतं आणि कुणाला तरी राबावं लागत होतं.

आता शेवटच्या मोठ्या फर्मानांकडे. जून १९४७ मध्ये निजामाने फर्मान काढून जाहीर केलं की इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहील. ते कुणी मानलं नाही. दिल्लीनेही नाही आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे उभ्या राहिलेल्या माणसांनीही नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला तो अध्याय संपला. १५ ऑगस्ट १९४९ पासून जहागिरी रद्द झाल्या. आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने आणखी एक फर्मान काढलं, की भारतात तयार होत असलेली राज्यघटना हीच हैदराबादचीही घटना असेल. मला हा कागद फार महत्त्वाचा वाटतो. सव्वादोनशे वर्षं सनदा देणाऱ्या घराण्याने देण्याचा अधिकारच सोडला. कारण जी घटना त्यांनी मान्य केली ती कुणा राजाने दिलेली नव्हती. ती लोकांनी स्वतःला दिलेली होती.

मग जुन्या सनदांचं काय झालं? त्यांची चौकशी झाली. आमच्याकडे इनामांना 'अतियात' म्हणत. हैदराबाद अतियात चौकशी कायदा १९५२ चा, इनामं रद्द करण्याचा कायदा १९५४ चा. मुंतखब, मदतमाश, खिदमतमाश असे शब्द आमच्याकडच्या तहसील कार्यालयात आजही ऐकू येतात. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेला तलाठी पहिले सहा महिने चक्रावलेला असतो. पण माझ्या मते इनामाच्या कायद्यांपेक्षा मोठा कायदा होता १९५० चा, हैदराबाद कूळवहिवाट कायदा. त्याने सनदवाल्याला बाजूला ठेवून कसणाऱ्याला विचारलं, नांगर कुणाचा चालतो? संरक्षित कूळ हा शब्द तिथला.

हे सगळं डोक्यात असतानाच २०२३ च्या त्या दिवसांत पुतण्याचा नायगावहून फोन आला. (आमचं नायगाव नांदेडहून देगलूरच्या रस्त्यावर, नरसीच्या अलीकडे. सावित्रीबाईंचं नायगाव सातारा जिल्ह्यातलं, ते वेगळं.) "काका, आपल्याकडं निजामाची सनद असंल का हो? सगळे शोधायलेत." घरात एक ट्रंक होती हे खरं. ती उतरवली. खाली कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा निघाला. सगळं उर्दू. घरात कुणालाच वाचता येईना, पण शिक्का दिसल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे उजळले. एका आत्याने तर आपण मूळचे देशमुख असणार, असं जाहीरही करून टाकलं.

नांदेडात उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आमच्या ओळखीचे. त्यांच्याकडे गठ्ठा नेला. त्यांनी चष्मा पुसून एकेक कागद उलगडला. म्हणाले, "सनद-वनद काही नाही हो यात. या रसीदी आहेत. शेतसाऱ्याच्या." १३४७ फसलीतली एक (फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे १९३७). पणजोबांचं नाव, गाव, जमिनीचा नंबर, रक्कम हाली सिक्क्यात. मग पुढच्या सालची. मग त्याच्या पुढच्या सालची. मधली दोन-तीन सालं नाहीत, बाकी ओळीने.

पुतण्या हिरमुसला. परतल्यावर नव्वदीच्या घरातल्या आमच्या आबांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "अरे, सनद असणारे गढीत बसायचे. आपल्याला पावतीच मिळायची."

मी बराच वेळ त्या वाक्यावर विचार करत राहिलो. सनद एकदा मिळते, पावती दरवर्षी मिळवावी लागते. दुष्काळ असो, रझाकार असोत, पणजोबांनी सारा भरला आणि कागद कापडात बांधून ठेवला. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. कागदावर काय आहे ते माहीत नसताना तो जपायचा असतो हे मात्र पक्कं माहीत होतं. हा भोगवटा! राजाने दिलेला नाही, स्वतः राबून मिळवलेला आणि दरसाल सिद्ध केलेला. त्या रसीदींचा पुतण्याच्या कामाला उपयोग होईल न होईल, तो त्याच्या आणि कार्यालयाच्या मधला प्रश्न. मला विचाराल तर त्या गठ्ठ्याची किंमत मी कुठल्याही सनदेपेक्षा कमी धरणार नाही.

आणि आता तर सनद परत आली आहे, अगदी सामान्य घरात! २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी चालू झाली. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. बापजाद्यांपासून राहतो म्हणून घर आपलं. कर्ज काढायला गेलं की बँक विचारते, कागद कुठाय? आता मोजणी होऊन घराची सनद आणि मिळकत पत्रिका मिळते. १८ जानेवारी २०२५ ला एका दिवसात देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त गावांमध्ये ६५ लाख मिळकत पत्रिका वाटल्या गेल्या. ज्या शब्दासाठी कधीकाळी सरदार दिल्लीपर्यंत फौजा घेऊन गेले तो शब्द आता दोन खोल्या आणि एक गोठा असलेल्या घराच्या कागदावर आहे. मला याचा आनंद वाटतो.

एक काळजीही वाटते. मोजणीच्या दिवशी जो गावात नसतो, ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला कामाला गेलेला असतो, त्याच्या घराची हद्द कोण दाखवतं? विधवा भावजयीचं नाव कागदावर येतं का, की थोरल्या दिराचंच? इनाम कमिशनच्या वेळी भोगवटा होता आणि कागद नव्हता म्हणून लोक बुडाले. आता कागद सगळ्यांना मिळणार असेल तर तो भोगवटा पाहून मिळाला पाहिजे. म्हणून गावाकडे मोजणी असेल तर सुट्टी काढून जा, आणि आई, बहीण, काकू यांची नावं लागली का ते डोळ्यांनी बघा.

आणि तहसीलच्या भिंतीवरचा तो फलक? 'नागरिकांची सनद' ही कल्पना आपल्याकडे १९९७ च्या सुमारास इंग्लंडच्या धर्तीवर आली. कोणतं काम किती दिवसांत, किती फीमध्ये, कोण करणार हे लिहून देणारं पत्र. महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने त्याला दातही बसवले. नीट पाहिलं तर ही सनद उलटी आहे. इथे सरकार लिहून देतं आणि आपण दाखवून मागायचं. "साहेब, तुमच्याच सनदेत सात दिवस लिहिलंय" असं म्हणायचं. पण आपण मानली तरच ती सनद. नाहीतर नुसता रंगवलेला पत्रा.

तुमच्याही घरी अशी एखादी ट्रंक असेल तर दोन गोष्टी करा. कागद सावलीत वाळवून, फोटो काढून ठेवा, आणि मोडी किंवा उर्दू वाचणारं एखादं जुनं माणूस आहे तोवर वाचून घ्या. तालीक करून घ्या, असल जपून ठेवा. आणि त्यात सनद निघाली नाही, नुसत्या पावत्याच निघाल्या, तर तेही मला जरूर कळवा.